बांधली की मागे रेटणारी घोडी: गाठ सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली सहा वर्षांची मारवाडी घोडी, आता फलटणजवळ शेतावर. खुंट्याला बांधली की बराच वेळ निमूट उभी राहते. मग कशाला तरी बुजते, मान वर जाते, पुठ्ठ्यांवर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, बसते आणि काहीतरी तुटेपर्यंत मागे रेटत राहते. नालबंद तिच्या वाटेला जायला तयार नाही. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं असं की जाड नायलॉनचा दोर घ्या, कडुनिंबाला बांधा आणि दिवसभर तशीच राहू द्या; दमली की अक्कल येईल. तसं करावं का?

करू नका. हा उपाय कधीच लागू पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नुसता जोर आजमावून बघणारं एखादं शिंगरू झाडाला बांधलं तर दोन-तीनदा ओढतं, दोर सुटत नाही हे त्याला कळतं आणि ते गप्प उभं राहतं. गावात किस्सा त्याचाच सांगितला जातो. ज्यांची मान गेली ती जनावरं गुपचूप बाजारात निघतात, त्यांचा किस्सा कोण सांगणार? तुमच्या वर्णनावरून ही घोडी जोर आजमावत नाही, घाबरते आहे. आणि घाबरलेलं जनावर दमलं तरी शिकत नाही.

म्होरकीचा, म्हणजे घोडा धरायला-बांधायला डोक्यावर चढवतात त्या साजाचा, पट्टा कानांच्या मागे जिथे बसतो, तिथेच कवटी आणि मानेचा पहिला मणका यांचा सांधा आहे. साडेतीनशे-चारशे किलोची घोडी मागच्या पायांवर बसून जोर लावते तेव्हा तो सगळा भार त्या दोन बोटं रुंद पट्ट्यावर येतो. दोर तुटला तर ती मागे उलथून माथ्यावर आपटू शकते. अशा पडण्यात कवटीच्या तळाचं हाड मोडतं, नाकाकानातून रक्त येतं, डोळ्यांच्या नसा ताणल्या जाऊन दृष्टी जाते. दोर तुटलाच नाही तर मानेचे स्नायू फाटतात, मणके दुखावतात. मग पुढे कधीतरी तिचे मागचे पाय लडबडायला लागतात आणि कडुनिंबाखालचा तो दिवस कुणाला आठवतही नाही.

ती असं का करते ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दाब आला की त्याच्याविरुद्ध रेलायचं ही घोड्याची उपजत रीत. छातीवर तळहात टेकवून ढकलून बघा, तो मागे जाण्याऐवजी हातावर भार टाकेल. ओढ आली की तिच्या दिशेने एक पाऊल टाकायचं म्हणजे सुटका होते, हे घोड्याला उपजत ठाऊक नसतं. ते कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. ज्याला नीट शिकवलेलं नाही त्याचं काय होतं बघा. कागद उडतो, तो दचकून डोकं वर करतो, पट्टा कानामागे आवळतो. आता कागद राहिला बाजूला, भीती त्या आवळण्याची. पळता येत नाही हे कळलं की तो आणखी जोर लावतो, पट्टा आणखी आवळतो. आणि ऐन त्या क्षणी बकल तुटलं, तर जीव वाचवायचा रस्ता कोणता हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. तुटलेली प्रत्येक म्होरकी म्हणजे तुमच्या घोडीने घेतलेला एक धडा आहे. म्हणून आजपासून तिला असा धडा मिळता कामा नये, हे पहिलं. मोकळ्या दोरावर ओढीकडे यायला शिकवायचं, हे दुसरं. गाठ सगळ्यात शेवटी.

बाजारात ही खोड का दिसली नाही, असं तुम्हाला वाटत असेल. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी रांगेने उभी असलेली जनावरं आठवा. पुढून अगाडी, मागून पिछाडी. मागचे पाय दोराने मेखांना जखडलेले असले की घोडा पुठ्ठ्यांवर बसूच शकत नाही. आपण दात बघतो, केसांचे भोवरे बघतो, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) शोधतो, रवाल (न उसळता चालायची संथ-जलद चाल) चालवून बघतो. पिछाडी सोडून नुसत्या पुढच्या दोरावर अर्धा तास उभी करून दाखवा, असं कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी म्हणा. आणि तिच्या मागच्या पायांवर, खुराच्या वरच्या निमुळत्या भागात, आडवे पांढरे केस किंवा जाड झालेली कातडी दिसते का ते आज बघून घ्या. दिसली तर ती पिछाडीत भरपूर झगडलेली आहे.

मारवाडी घोडी आहे म्हणून आणखी एक शक्यता मनात ठेवा: ती नाचाला शिकवलेली असू शकते. नाचाचे घोडे तयार करताना अनेकदा दोन खांबांच्या मध्ये दोन्हीकडून बांधतात आणि पायांवर चाबूक लावून जागच्या जागी पाय उचलायला लावतात. अशा जनावराच्या लेखी ‘डोकं बांधलं’ म्हणजे आता मार सुरू होणार. ढोल-ताशाचा किंवा डीजेचा आवाज ऐकून ती जागेवर पाय नाचवत असेल, तर हाच इतिहास समजा आणि तिला जास्त वेळ द्या.

शिकवायला हात लावण्याआधी दुखणं बघा. हे टाळून चालणार नाही, कारण दुखऱ्या जागेवर दाब देऊन कुठलंच जनावर शिकत नाही. पशुवैद्याकडून दात, डोळे आणि मान तपासून घ्या. दाढांच्या कडा टोकदार झाल्या की म्होरकीच्या गालपट्ट्याखाली गाल आतून सोलतो. एका डोळ्याला कमी दिसत असेल तर त्याच बाजूने कुणी आलं की ती उडणार. हे तुम्हीही टिपू शकता, ती नेहमी एकाच बाजूच्या हालचालीला बुजते का बघा. कानांत बोट घालून गोचीड शोधा. हसू नका, कानात गोचीड भरलेल्या घोड्याचा कानामागचा पट्टा नुसता हलला तरी तो डोकं झटकतो आणि आपण त्याला ऐबी ठरवून मोकळे होतो. आधीच्या मालकाने काटेरी लगाम वापरला होता का, तेही जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत बघा. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी अशा लगामाला बंदी आहे, तरी तो सर्रास दिसतो. आणि लगामाला दोर लावून घोडा बांधणं, मग तो कितीही गरीब असो, कायमचं बंद.

हे सगळं चालू असेपर्यंत घोडीला ठेवायचं कुठे? बांधायची नाही, हे उत्तर. बारा फूट बाय बारा फुटांचं आवार, बांबूचं किंवा पाइपचं, उंची तिच्या छातीच्या वर. काटेरी तार नको. रात्री तिथे मोकळी सोडा, कडबा-पाणी आत. हा खर्च तुमच्या मनात नव्हता हे मी समजू शकतो, पण दिवसा वीस मिनिटं शिकवून रात्री पुन्हा खुंट्याला बांधलं तर रात्रीत सगळं धुऊन जातं. काम नसताना चंदीही, म्हणजे दाण्याचा खुराकही, आवरा. दिवसभर उभ्या जनावराला हरभऱ्याचा भरडा भरपूर आणि फेरफटका शून्य, मग ते उसळणारच.

सामान साधं: रुंद पट्ट्याची, नीट बसणारी म्होरकी, अंगठ्याएवढा जाड आणि सात-आठ मीटर लांब सुती दोर, आणि हातमोजे. नायलॉन नको, तो हातातून सरकला तर कातडी घेऊन जातो आणि ताण आला की गाठ सुटत नाही. दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नका. कमरेला धारदार चाकू असू द्या.

पहिलं काम मोकळ्या जागेत, आजूबाजूला खांब-झाड काही नसताना. तिच्या खांद्याजवळ, थोडं बाजूला उभे राहा. म्होरकीजवळ दोर दोन बोटांत धरा आणि डोकं खाली यावं असा हलका दाब द्या. ओढायचं नाही, नुसता टिकवून धरायचा. ती आधी मान ताठ करेल, कदाचित वर नेईल. तुमचा हात तिच्याबरोबर वर जाऊ द्या, दाब तेवढाच ठेवा. कधीतरी मान बोटभर खाली येईल. त्याच क्षणी बोटं उघडा. दाबाने घोडा शिकत नाही, दाब जातो त्या क्षणाने शिकतो. एक-दोन सेकंद उशीर झाला तर मधल्या वेळात तिने डोकं परत वर नेलेलं असतं आणि तुम्ही बक्षीस त्याला देऊन बसता. नवख्या माणसाचा हात इथेच चुकतो. घोडी हट्टी आहे म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा दोर मी बघितला तर तो कधी सैलच पडत नाही. घोडी बरोबर वागली तरी ओढ तशीच, चुकली तरी तशीच. तिने काय ओळखायचं?

डोकं खाली आणणं जमलं की पुढे येणं. दोर लांब करून तिच्या समोर पण जरा तिरके उभे राहा. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, त्यामुळे बरोबर नाकासमोर उभं राहून ओढणं हे त्याच्या दृष्टीने धोक्याचं. हलकी ओढ द्या आणि थांबा. भार पुढे झुकला की सैल. पाऊल पडलं की सैल आणि मानेवर, आयाळीच्या मुळाशी, खाजवणं. ती मागे जायला लागली तर खेचाखेची करू नका, तेवढीच ओढ ठेवून तिच्याबरोबर चालत जा. ती मागे गेली तरी ओढ संपत नाही, पुढे आली की लगेच संपते, एवढंच तिला कळायला हवं. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं पुरे. डावीकडून शिकवलेलं उजवीकडून पुन्हा शिकवावं लागतं.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती पुढे जीव वाचवते: मागची बाजू आडवी सरकवणं. तिचं डोकं थोडं तुमच्याकडे वळवा आणि पुठ्ठ्याकडे बघत, दोराच्या टोकाने इशारा करत, मागचा पाय पोटाखालून ओलांडून टाकायला लावा. मागे रेटायला दोन्ही मागचे पाय सारखे रोवावे लागतात. पाय एकमेकांना ओलांडत असले की जोर लागत नाही. झटका मारण्याआधी घोडी खुणा देतेच: कान ताठ, श्वास धरलेला, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, मागचे पाय हळूच रोवले जातात. तेवढ्यात पुठ्ठे आडवे सरकवले तर झटका तिथेच विरतो. झटका सुरू झाल्यावर मात्र फारसं काही हातात नसतं.

आता खांब. गुळगुळीत लोखंडी पाइप, जमिनीत तीन फूट पक्का गाडलेला, आणि दोर जिथे फिरवायचा ती जागा खोगिरापुढच्या उंचवट्याएवढी किंवा त्याहून वर. खालच्या खुंट्याला बांधलेला घोडा पाय दोरात घालतो आणि ओढताना त्याला पूर्ण जोर मिळतो. दोर म्होरकीपासून पाइपपर्यंत न्या, पाइपभोवती नुसता वळवून दुसरं टोक स्वतःच्या हातात घ्या आणि परत घोडीच्या खांद्याच्या बाजूला येऊन उभे राहा. गाठ नाही. घोडी आणि खांब यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही. आता तुम्ही टोक हलकं ओढलं की घोडीला ओढ खांबाकडून जाणवते, तुम्ही मात्र बाजूला आहात. मोकळ्या जागेत शिकलेलं तिला इथे लागू करायचं आहे: ओढ आली, पुढे आली, सैल झाली.

दोर खांबावरून सरकतो, पण घासून, जड सरकतो, ही या रीतीची खरी मख्खी. माथेरानमध्ये एका घोड्याला असाच पाइपवर घेतला होता. तिथे मोटारींना मज्जाव असल्याने घोड्याला रहदारीची भीती नाही, पण माकडांचा उपद्रव भारी. एक माकड चिवड्याची पिशवी घेऊन पत्र्यावर धाडकन उतरलं आणि घोडा मागे झेपावला. मी दोर धरून ठेवला नाही, सोडलाही नाही. मुठीतून जाऊ दिला. दोर पाइपवर खरखरत गेला, दोन-अडीच हात. नेहमी जिथे पट्टा एकदम आवळायचा तिथे आवळलाच नाही. तो मध्येच थांबला, मागचे पाय अजून वाकलेले, नाकपुड्या फुगलेल्या. एक कान माकडाकडे, एक माझ्याकडे. मी टोकाला बोटभर ओढ दिली. त्याने आधी मान खाली सोडली, मग एक पाऊल, मग दुसरं, आणि दोर सैल पडला तिथे येऊन मोठ्याने फुरफुरला. भीती वाटली तर थोडं मागे जाता येतं आणि परत यायचा रस्ताही आहे, हे घोड्याला असं स्वतःच्या पायांनी कळावं लागतं. त्यानंतर जीभ फिरवली, जबडा हलवला म्हणून तो शिकला असा अर्थ काहीजण लगेच काढतात. ताण उतरतोय एवढीच ती खूण; शिकला की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं.

या टप्प्यावर दिवस घालवा, कंजुषी करू नका. आधी शांत वेळी. मग मुद्दाम थोडी गडबड: लांबून ताडपत्री हलवणं, मोटरसायकल सुरू करणं, बादली आपटणं. गडबड इतकीच की तिने कान टवकारावेत आणि पुन्हा सोडावेत. ती झेपावलीच तर अंतर वाढवा. धीट करायचं म्हणून तिच्या तोंडासमोर पिशव्या फडफडवणाऱ्या हौशी मंडळींना आवाराबाहेर ठेवा, पुतण्यांसकट.

आठवडे लागतील, कदाचित महिने. खांबावरून दोर सरकवायची वेळच येत नाही असे दिवस सलग जायला लागले की दोराचे पाइपभोवती दोन वेढे, टोक जमिनीवर मोकळं, तुम्ही दोन पावलं दूर. अजूनही गाठ नाही; जोराने ओढलं तर वेढे सरकतात. पुष्कळ घोडे मी आयुष्यभर असेच वेढ्यांवर ठेवायला सांगतो आणि त्यांच्या मालकांचं काहीही अडलेलं नाही. गाठ मारायचीच झाली तर सुरगाठ, एका ओढीत सुटणारी, आणि दोराला मोकळी लांबी दोन-अडीच फूट. निरगाठ कधीच नाही. फाटक, आडवी फळी, ट्रॉलीची दांडी यांना बांधायचं नाही. घोडी झेपावली आणि फाटक बिजागरीतून निघून तिच्या मागे धावत सुटलं की ती पुन्हा बांधून घेईल याची आशा सोडा.

तुम्हाला सुचवले जातील असे आणखी काही उपाय. टायरची ट्यूब मध्ये बांधणं: झटका मऊ होतो हे खरं, पण ताणलेली ट्यूब किंवा तिचा हूक तुटला की गोफणीसारखा थेट डोळ्याकडे येतो. मी वापरत नाही. सुतळीचा तुटणारा फास: शांत घोड्यासाठी चांगली खबरदारी, तुमच्या घोडीसाठी वाईट, कारण तुटणं हेच तिला शिकायला नको आहे. पोटाभोवती दोर घेऊन तो पुढच्या पायांमधून म्होरकीत काढणं: काही घोडे पोटावर चाप बसला की पुढे उडी मारतात आणि लोक म्हणतात सुधारला, तीच उडी खांबावर गेली तर छाती फुटते. डोळ्यांना अंधारी बांधून उभी केली तर ती उभी राहील, पण त्यात ती काही शिकत नाही. मागून चाबूक मारण्याबद्दल बोलतही नाही.

एवढं करूनही ती प्रत्यक्ष झेपावली तर? तोंडाकडे धावू नका, ओरडू नका, ताठ दोराच्या गाठीत बोट घालू नका, बोटं जातात. बाजूला व्हा. लाथेच्या टप्प्याबाहेर राहून बाजूने तिच्या पुठ्ठ्याकडे या आणि तिला आडवी किंवा पुढे हाका. बहुतेक वेळा ती एक पाऊल पुढे टाकते आणि सगळं सैल पडतं. खाली पडून लटकली असेल तर चाकू.

टेम्पोत चढवताना वेगळी काळजी. आधी मागचा फळका बंद, मग दोर. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग फळका उघडायचा. क्रम उलटा झाला तर मागे उजेड दिसताच ती बांधलेल्या डोक्यानिशी बाहेर झेपावते.

जुनी खोड पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय चढते. लांबचा प्रवास, नवी जागा, आजारपण, शेजारची घोडी विकली गेली, अशा वेळी ती पुन्हा डोकं वर काढेल. तेव्हा गाठ सोडून वेढ्यांवर या, काही दिवसांत सावरते. आणि ही घोडी लग्नाच्या वरातीत भाड्याने द्यायचा विचार असेल तर निदान हे वर्ष नको.

राहिला नालबंद. नालांची वेळ साधारण सहा आठवड्यांनी येते, त्यामुळे शिक्षण पुरं व्हायची वाट बघता येणार नाही. त्याला आत्ताच सांगून ठेवा की घोडी बांधलेली नसेल, दोर तुमच्या हातात असेल आणि ती हलली तर तो पाय सोडून बाजूला होईल. पाय धरून झोंबाझोंबी करायची नाही. पहिल्या खेपेला नाल नकोच, नुसते खूर तासून घ्या, हातोडीचा प्रश्न येत नाही. तोपर्यंत रोज दोरावर उभी असताना चारही पाय उचलून खुरावर दगडाने हलकं टकटक करत राहा, म्हणजे तो आवाज तिला नवा राहणार नाही. आणि नालबंदाला त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेऊ देऊ नका. दुप्पट वेळ लागेल, पैसेही तसेच द्या.